रेशमी धबधबा, गढूळ पाणी

जुलै महिन्यातील शनिवारची संध्याकाळ आहे असे समजा. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पमधील एका घरात तीन मित्र बसले आहेत. पाऊस लागून राहिला आहे, उद्या क्लासला सुट्टी आहे आणि कुठे तरी जायचे आहे. एकाच्या हातात मोबाईल आहे. पर्यटनाची माहिती देणारे एक संकेतस्थळ त्याने उघडले आणि पडद्यावर एक चित्र आले : हिरवेगार डोंगर, काळाभोर कातळ, आणि त्यावरून रेशमाच्या लडीसारखा अलगद उतरणारा पांढराशुभ्र धबधबा. खाली ठिकाणाचे नाव, कोंडेश्वर, बदलापूर.

‘‘ठरलं!’’ तिघेही एकदम म्हणाले.

खाली बराच मजकूर होता. तो कोणी वाचला नाही. आतून आईने विचारले, ‘‘अरे, पाणी किती असतं तिथं?’’

‘‘काही नाही गं आई, फोटो बघ ना. किती शांत आहे!’’

ही मुले काल्पनिक आहेत. पण त्यांचे उत्तर तुम्ही कधी ना कधी ऐकले असेल, कदाचित दिलेही असेल. आता थोडा विचार करा. छायाचित्र म्हणजे कागदावरचे किंवा पडद्यावरचे रंगांचे ठिपके. त्यांत पाण्याची खोली नसते, वेग नसतो, आवाज नसतो. मग ‘पाणी शांत आहे’ हे या मुलाला कुणी सांगितले? आणि ‘ठरलं’ हा निर्णय तिघांनी नेमका कशावरून घेतला?

पापणी लवण्याआधी

कॅनडातील ओटावा शहरात कार्लटन विद्यापीठ आहे. तेथील गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अनेक संकेतस्थळांची पहिली पाने निवडली आणि ती लोकांना दाखवून ‘हे पान तुम्हाला किती आकर्षक वाटते?’ एवढेच विचारले. गंमत होती ती दाखवण्याच्या वेळात. काही जणांना प्रत्येक पान अर्धा सेकंद दाखवले, तर काहींना फक्त ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग.

एवढ्या वेळात होते तरी काय? समजा, तुमची लोकल तासाला ६० किलोमीटर वेगाने धावत आहे. ५० मिलिसेकंदांत ती जेमतेम ८३ सेंटिमीटर पुढे जाते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या अवधीत पानावरचे वाक्य वाचून समजून घेणे शक्यच नाही. तरीही लोकांनी पानांना गुण दिले. आणि अर्धा सेकंद पाहणाऱ्यांना जी पाने आवडली, बहुतेक तीच पाने या विसाव्या भागवाल्यांनाही आवडली होती. नावडती पानेही बहुतेक तीच.

तेव्हा पान वाचण्याआधीच पानाविषयी आपले मत बनून गेलेले असते. आणि एकदा मत बनले की पुढचा मजकूर आपण त्या मताच्या चष्म्यातून वाचतो. किंवा आपल्या तीन मित्रांप्रमाणे वाचतच नाही.

सुंदर ते सोपे?

याच्या अकरा वर्षे आधी, १९९५ मध्ये, जपानमधील हिताची कंपनीच्या अभिकल्प केंद्रातील मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रावर एक प्रयोग केला होता. यंत्राच्या पडद्यावरील आकडे आणि बटणे यांची मांडणी त्यांनी २६ प्रकारे केली. काही मांडण्या खरोखर सोयीच्या होत्या, काही गैरसोयीच्या. काही दिसायला नीटस होत्या, काही ओबडधोबड. २५२ जणांनी त्या पाहून दोन प्रकारचे गुण दिले : मांडणी किती सुंदर आहे, आणि वापरायला किती सोपी वाटते. ज्या मांडण्या लोकांना सुंदर वाटल्या त्याच त्यांना सोप्याही वाटल्या. त्या खरोखर सोप्या होत्या की नाही, याच्याशी लोकांच्या मताचा संबंध फारच थोडा होता.

इस्रायलमधील नोम ट्रॅक्टिन्स्की यांना हे पटेना. सौंदर्याची एवढी ओढ जपानी लोकांना असेल, आमचे लोक व्यवहारी आहेत, येथे असे होणार नाही, अशी त्यांची अटकळ. १९९७ मध्ये त्यांनी तोच प्रयोग आपल्या देशात केला आणि निकाल आला तो जपानपेक्षाही ठळक! पुढे २००० साली त्यांनी लोकांना यंत्र प्रत्यक्ष वापरायला दिले. वापरून झाल्यावर तरी डोळे उघडतील, असे आपल्याला वाटेल. पण तेव्हाही सुंदर यंत्र वापरणाऱ्यांचे मत ‘हे सोपे आहे’ असेच राहिले. शास्त्रज्ञाची अटकळ चुकली तर तो ती लपवीत नाही, उलट छापतो. ट्रॅक्टिन्स्की यांचा हा गुण मला त्यांच्या निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो.

जपानी लोकांनी मात्र या गोष्टीचा विचार फार आधीपासून चालविला होता. हिरोशिमाचे मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात ‘कानसेई’ नावाचे एक अभियांत्रिकी शास्त्रच उभे केले. कानसेई म्हणजे ढोबळमानाने मनाला होणारी जाणीव, भावणे. एखादी वस्तू पाहून, धरून, ऐकून माणसाला काय वाटते ते मोजायचे आणि तसे वाटावे अशी तिची रचना करायची. माझदा कंपनीची १९८९ मध्ये आलेली छोटी उघडी मोटारगाडी या पद्धतीने घडविलेली आहे. अशा रचनेला भावनांचा अभिकल्प म्हणता येईल. ‘अभिकल्प’ म्हणजे डिझाइन. शब्द जड वाटला तर आपण सरळ ‘भावरचना’ म्हणू.

खरे तर भारतीयांना ही कल्पना नवी वाटू नये. अमुक प्रकारचे नेपथ्य, अमुक हालचाल, अमुक स्वर योजला म्हणजे प्रेक्षकाच्या मनात अमुक रस उत्पन्न होतो, याचा पद्धतशीर विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. त्यात आठ रस सांगितले आहेत. विस्मय या भावातून अद्भुत रस, भय या भावातून भयानक रस. धबधब्याचे ठिकाण प्रत्यक्ष पाहिले तर तेथे हे दोन्ही रस एकाच वेळी हजर असतात. पर्यटनाच्या पानावर मात्र बहुधा एकच पोचतो. दुसरा वाटेत कुठे गळतो, हेच आपल्याला शोधायचे आहे.

अंबरनाथचे मंदिर आणि तीन पातळ्या

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये भावरचनेवर एक पुस्तक लिहिले. वस्तूशी माणसाचे नाते तीन पातळ्यांवर जडते असे त्यांचे म्हणणे. पहिली पातळी पाहताक्षणीची, विचाराच्या आधीची. दुसरी वापराची : काम नीट झाले की बरे वाटते, अडले की चिडचिड होते. तिसरी चिंतनाची : या वस्तूचा अर्थ काय, तिची आठवण काय, ती माझी कोण.

आता एक उदाहरण घेऊ. बदलापूरला जाणारी लोकल वाटेत अंबरनाथला थांबते. स्टेशनपासून पूर्वेला सुमारे दोन किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी, शिलाहार राजांच्या काळातील शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष दिलेले आहे. म्हणजे मंदिराला साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. बांधणी भूमिज शैलीतील. काळ्या दगडाच्या भिंती मूर्तींनी इतक्या भरलेल्या की बोटभर जागा मोकळी सापडू नये. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते आणि वर पाहावे तो शिखर अपुरे, डोक्यावर आकाश! बहुतेक मंदिरांत आपण देवासमोर चढून जातो, येथे उतरतो. त्या पायऱ्या उतरताना थंडावा लागतो, आवाज बदलतो, मागचा उजेड कमी होतो.

या मंदिराचे पान तयार करायचे असेल तर पहिल्या पातळीवर काय येईल? भिंतीवरील कोरीव कामाचे सकाळच्या तिरप्या उन्हातले छायाचित्र. तिरप्या उन्हात सावल्या लांब पडतात, म्हणून कोरीव काम उठून दिसते. भर दुपारी तीच भिंत सपाट वाटते. दुसऱ्या पातळीवर येईल तो प्रवाशाचा व्यवहार : कोणत्या बाजूला उतरायचे, रिक्षा कोठून मिळते, पायऱ्या किती, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना नेता येईल काय, महाशिवरात्रीच्या जत्रेत किती गर्दी असते. तिसऱ्या पातळीवर येईल शके ९८२.

तिन्ही पातळ्या सांभाळलेले पान क्वचित दिसते. बहुतेकांचा सारा जोर पहिलीवर. आणि पहिल्या पातळीवर एक चलाखी सहज करता येते : चौकट कोठे ठेवायची ती आपल्या हातात असते. मंदिराच्या छायाचित्रांत भिंत दिसते, मूर्ती दिसतात, शेजारची वालधुनी मात्र बहुधा चौकटीबाहेर राहते. कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी वाहून ही नदी किती काळवंडली आहे, हे उल्हासनगर-अंबरनाथकरांना सांगायला नको. छायाचित्र खोटे नसते, पण चौकटीबाहेर ठेवलेली नदी प्रवाशाच्या नाकाला भेटायची राहत नाही. मग तो चिडतो. आणि चिडलेला माणूस साडेनऊशे वर्षांचे मंदिरही धड पाहत नाही.

१८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेचे टेरी हे विद्यार्थ्यांसह या मंदिराची रेखाटने करण्यास आणि कोरीव कामाचे साचे घेण्यास आले होते. अशी मोजूनमापून काढलेली रेखाटने पाहून मन काही उचंबळून येत नाही. पण मापे त्यांत असतात. आजच्या पानांवर मन उचंबळते आणि मापे हरवतात, असा उलटा प्रकार झाला आहे.

पाण्याचे रेशीम कसे होते?

आता आपल्या तीन मित्रांच्या चित्राकडे परत येऊ. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसत होते. प्रत्यक्षात कोणताही धबधबा रेशमासारखा दिसत नाही. मग हे रेशीम आले कोठून?

कॅमेऱ्याच्या झडपेतून. प्रकाश आत घेण्यासाठी कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवायची हे छायाचित्रकार ठरवतो. समजा, पाणी १० मीटर उंचीवरून पडत आहे. पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचे सूत्र तुम्ही शिकला आहात : वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × उंची. त्यात ९.८ आणि १० घाला. खाली पोचताना वेग निघतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ५० किलोमीटर. शहरातल्या रस्त्यावर बसने एवढा वेग घेतला तर आपण बाजूला होतो! (हवेच्या विरोधामुळे तुटलेल्या थेंबांचा वेग काहीसा कमी होतो, तो हिशेब येथे सोडून दिला आहे.)

झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली तर तेवढ्यात हे पाणी फक्त १.४ सेंटिमीटर सरकते. चित्रात थेंब न् थेंब, शिंतोडे, फेसाचे गोळे, सारी खळबळ दिसते. झडप पूर्ण एक सेकंद उघडी ठेवली तर तेवढ्या वेळात पाणी १० मीटरचा निम्मा भाग आणि त्याहून अधिक अंतर ओलांडून जाते, पाठोपाठ नवे पाणी येत राहते, आणि हे सगळे एकावर एक उमटते. उसळणे पुसले जाते, आदळणे पुसले जाते, उरतो एक गुळगुळीत पांढरा पट्टा. कातळ हलत नाही, म्हणून तो मात्र रेखीव उमटतो. परिणामी पाणी जितके वेगवान आणि खवळलेले, तितके ते चित्रात अधिक मऊ, अधिक शांत दिसते!

छायाचित्रकाराचा यात गुन्हा नाही. ही जुनी कला आहे आणि चित्र सुंदर दिसते यात शंका नाही. तक्रार आहे ती अशी की हेच चित्र सहलीच्या पानावर आले म्हणजे पाहणारा त्याला चित्र न समजता माहिती समजतो. ‘किती शांत आहे!’ असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नव्हता. झडपेने त्याला तसे सांगितले होते.

पण ‘शांत दिसते’ पासून ‘धोका नाही’ पर्यंत मन कसे पोचते? याचे उत्तर अमेरिकेतील ओरेगन राज्यात पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. जगात फायदा आणि धोका यांची अनेकदा जोडी असते. आपल्या मनात मात्र ती तराजूच्या दोन पारड्यांसारखी वागतात : एक वर गेले की दुसरे खाली. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अणुऊर्जेसारख्या विषयांचे फक्त फायदे वाचायला दिले होते. धोक्याविषयी एक शब्दही नव्हता. तरी वाचून झाल्यावर बऱ्याच जणांना धोकाही पूर्वीपेक्षा कमी वाटू लागला. नवी माहिती मिळाली होती ती फायद्याची, बदलले धोक्याचे मत! कारण आपण दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडत नाही. ‘ही गोष्ट मला बरी वाटते की वाईट’ एवढे एकच मोजमाप आत असते, आणि दोन्ही उत्तरे आपण त्यावरूनच काढतो.

म्हणून रेशमी धबधब्याच्या पानाला ‘येथे धोका नाही’ असे लिहावेच लागत नाही. ते पाहणाऱ्याने स्वतःच्या मनात लिहून घेतलेले असते.

गुडघाभर पाण्याचे गणित

वाहत्या पाण्याचा पायांवर किती जोर बसतो? सूत्र असे : जोर = अर्धा × पाण्याची घनता × पाण्यासमोर येणारे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. (यात आणखी एक गुणांक असतो, सोयीसाठी तो १ धरू.) पाणी गुडघ्यापर्यंत, ५० सेंटिमीटर आहे आणि दोन्ही पायांची मिळून रुंदी २४ सेंटिमीटर आहे असे धरले तर क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, म्हणजे आपल्या चालीने वाहत असेल, तर जोर ६० न्यूटन येतो, सुमारे सहा किलो वजनाएवढा. उभे राहता येते, मजाही वाटते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट : २४ किलो. तिप्पट झाला की नऊपट : ५५ किलो. पाणी तेवढेच, गुडघाभर; पण आता दहावीतला एक अख्खा मुलगा तुमच्या पायांना रेटतो आहे, आणि तळाला आहे शेवाळलेला कातळ.

पाण्याचा वेग तिप्पट व्हायला तुमच्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. तो वर डोंगरात पडला तरी पुरतो. खाली आभाळ उघडे असते, पोरे पाण्यात असतात, आणि लोंढा येतो. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. त्या घटनेची चलतचित्रे देशभर पाहिली गेली. कोंडेश्वरच्या कुंडात पोहायला उतरलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्याही पावसाळ्यात येत आल्या आहेत. ठाणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांच्या आणि धरणांच्या परिसरात जाण्यास मनाई करणारे आदेश काढते. अंबरनाथ तालुक्यातील कोंडेश्वर, भोज, बारवी ही नावे त्यांत येत आली आहेत. म्हणजे ज्या ऋतूतला फोटो पानावर असतो, नेमक्या त्याच ऋतूत तेथे जायला बंदी असू शकते.

बदलापूरकरांना पाण्याचा स्वभाव वेगळा सांगण्याची गरज नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली होती. चहूकडे पाणी आणि मध्ये आगगाडी. हजाराहून अधिक प्रवाशांना आपत्ती प्रतिसाद दलाच्या आणि नौदलाच्या जवानांनी व आसपासच्या गावकऱ्यांनी बाहेर काढले. तीच उल्हास नदी हिवाळ्यातल्या छायाचित्रात इतकी सोज्वळ दिसते की हे खरे वाटू नये.

भीतीचा व्यापार

आता तुम्ही म्हणाल, पान तयार करणाऱ्यांना भीतीचा रस जमतच नाही की काय? छे! तो त्यांना उत्तम जमतो. फक्त तो नको त्या जागी वापरला जातो.

प्रवासात खोली किंवा तिकीट घेताना पडद्यावर लाल अक्षरे झळकतात : ‘शेवटच्या दोनच खोल्या शिल्लक’, ‘आत्ता चौदा जण हीच खोली पाहत आहेत’. छातीत धडधडते, बोट घाईने दाबले जाते. कधी कधी हा दावा खरा असतो, कधी नुसता घाईचा देखावा. इंग्लंडमधील स्पर्धा नियामकाने चौकशी केल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा मोठ्या संकेतस्थळांना असे प्रकार बदलण्याचे मान्य करावे लागले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई हा त्यांतला एक प्रकार. विमा न घेणाऱ्या विमानप्रवाशाला ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा शब्दांच्या बटणावर बोट ठेवायला लावणे, म्हणजेच त्याला ओशाळे करणे, हाही त्यांतला एक. ही तत्त्वे मराठी शाळांतून वाचली जावीत असे मला वाटते. तुमच्यापैकी कितीतरी जण घरच्या सगळ्यांची तिकिटे काढून देता, तेव्हा अशी बटणे तुमच्याच समोर येतात.

थोडक्यात हिशेब असा झाला : खोली हातची जाण्याची भीती ठळक लाल अक्षरांत, आणि जीव जाण्याची भीती पानाच्या तळाशी, बारीक करड्या अक्षरांत, किंवा मुळीच नाही.

पान करावे तर कसे?

कोंडेश्वराच्या पानावर कवटीचे चित्र लावावे, असे कोणी सुचवील. ते चालणार नाही. बाराही महिने तीच पाटी दिसली की डोळ्यांना तिची सवय होते आणि ती असून नसल्यासारखी होते. घाटातल्या ‘सावकाश’ पाट्यांचे काय होते ते आपण पाहतोच. शिवाय एप्रिल महिन्यात कोरड्या कातळाजवळ धोक्याची आरोळी ठोकणारे पान जुलैमध्ये कोणी खरे मानणार नाही.

मला सुचतो तो मार्ग असा. एकाच जागेवरून, एकाच चौकटीत टिपलेली दोन चित्रे शेजारी शेजारी लावावीत : एक डिसेंबरचे, एक जुलैचे. जुलैचे चित्र झडप हजाराव्या भागापुरती उघडून घेतलेले असावे, म्हणजे खळबळ दिसेल. चित्रात माणूस उभा असावा, म्हणजे मापाचा अंदाज येईल. हा माणूस डिसेंबरच्या चित्रात खडकावर, आणि जुलैच्या चित्रात तोच खडक पाण्याखाली. पहिल्या विसाव्या सेकंदातच विस्मय आणि भय दोन्ही पोचतील. मनाई आदेश लागू असेल त्या दिवसांत तो चित्राच्या वरच, तारखेसह दिसावा. माहिती शेवटची केव्हा तपासली तेही लिहावे. आणि भाषा? ‘पर्यटकांनी खबरदारी घ्यावी’ असे सरकारी वाक्य वाचून कोणी थबकल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ‘हा खडक पावसाळ्यात पाण्याखाली असतो’ असे लिहिले तर वाचणारा क्षणभर तरी त्या खडकाकडे पाहील.

जाऊ नये त्या दिवसांत जायचे कोठे, हेही त्याच पानाने सांगायला हवे. नाही तर सुट्टीच्या दिवशी तरुण मुले घरात बसणार नाहीत. अंबरनाथचे मंदिर पावसात पाहण्यासारखे असते. ओला काळा दगड अधिकच खुलतो. आणि उल्हासनगरचे पान तर अजून कोणी नीट केलेलेच माझ्या पाहण्यात नाही. तेथे धबधबा नाही, हजार वर्षांचे देऊळ नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. बराकींचे ‘कॅम्प’ झाले आणि ते आकडे आजही पत्त्यात आहेत. बाहेरून येणाऱ्याला शहाडला उतरावे, उल्हासनगरला की विठ्ठलवाडीला, हेच कळत नाही. म्हणजे नॉर्मन यांच्या दुसऱ्या पातळीवर गोंधळ. पण तिसऱ्या पातळीवर पाहा. जगभर पसरलेल्या किती सिंधी कुटुंबांचे आजोबा याच कॅम्पांत पहिल्यांदा पाठ टेकून झोपले असतील! त्यांच्या नातवासाठी ‘तीन नंबर कॅम्प’ या तीन शब्दांचे पानही पुरेल. त्याला रेशमी चित्र नको, दालपकवानच्या दुकानाचा पत्ता मात्र बिनचूक हवा.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

यासाठी धबधब्यावर जाण्याची मुळीच गरज नाही. उलट जाऊच नका. एकाच धबधब्याची दोन चित्रे मिळवा, एक रेशमी आणि एक थेंब न् थेंब दाखवणारे. दोन कागदांवर दोन चित्रे छापा आणि दोन्हींखाली अगदी तोच मजकूर लिहा. त्यात ‘पाणी गुडघाभर आहे’ हे वाक्य असू द्या. वर्गाची विभागणी हजेरी क्रमांकाने करा, सम एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला, म्हणजे हुशार मुले एकीकडे आणि खोडकर दुसरीकडे असे होणार नाही. प्रत्येक गटाला एकच कागद फक्त पाच सेकंद दाखवा. दोन्ही गटांनी एकमेकांचे चित्र पाहता कामा नये, नाही तर सारा प्रयोग फुकट जाईल.

मग प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, एकमेकांत न बोलता : ठिकाण किती सुंदर आहे, आणि पाण्यात उतरणे किती सुरक्षित आहे. दोन्ही गटांच्या गुणांची सरासरी काढा. मजकूर तोच असल्यामुळे सुरक्षिततेच्या गुणांत फरक पडण्याचे, चित्राखेरीज, मोठे कारण उरत नाही. वर्ग लहान असेल तर फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून शेजारच्या तुकडीत प्रयोग पुन्हा करा आणि आकडे जुळतात का पाहा. शिक्षकांनी आधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा. ट्रॅक्टिन्स्की यांच्याप्रमाणे तो चुकला, तर तोही फळ्यावर लिहावा.